नोंद बदलली कुणी? कार्यालयीन डेटाबेसमधल्या गूढ बिघाडांचा माग

हैदराबादच्या अंबरपेठेतल्या एखाद्या पतसंस्थेत, शाळेच्या कचेरीत किंवा दवाखान्याच्या नोंदणीखिडकीवर सोमवारी सकाळी असं घडू शकतं. शनिवारी संध्याकाळी सगळं नीट बंद केलेलं असतं. सोमवारी सभासदांची यादी उघडावी तर काही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. एका खात्यात पाचशे रुपये कमी. काहींच्या जन्मतारखांत दिवस आणि महिना यांची अदलाबदल. बाकी हजारो नोंदी मात्र जशाच्या तशा. आपण काहीच केलेलं नाही, असं कार्यालयातला प्रत्येक जण सांगतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

मग 'व्हायरस आला' असा निष्कर्ष निघतो. सॉफ्टवेअरवाल्याला फोन जातो, तो दुरूनच मशीन ताब्यात घेतो, 'रिपेअर'चं बटण दाबतो आणि यादी पुन्हा उघडू लागते. कारण मात्र कळत नाही, आणि महिन्याभरात तोच प्रकार पुन्हा होतो.

डेटा बिघडतो तेव्हा तो कसाही बिघडत नाही. प्रत्येक कारण आपापल्या पद्धतीनेच नुकसान करतं. वीज गेल्याने बिघडलेली नोंद आणि एक्सेलमधून येताना बिघडलेली नोंद या वेगळ्या दिसतात. दोन कारकुनांनी एकाच वेळी केलेल्या नोंदीचा घोळ आणखी वेगळा दिसतो. म्हणून दुरुस्तीच्या आधी बिघाडाचा आकार पाहायला हवा.

आधी प्रत, मग तपास

अंबरपेठेच्या शेजारीच, रामंतापूरला, केंद्रीय न्यायवैद्यक विज्ञान प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळेत जप्त केलेली हार्डडिस्क आली की तज्ज्ञ ती थेट उघडून पाहत नाहीत. आधी तिची शेवटच्या बिटपर्यंत तंतोतंत प्रत काढतात. मूळ डिस्क आणि प्रत यांच्यावर एक गणिती प्रक्रिया करून दोन्हींचा 'हॅश', म्हणजे त्या मजकुरावरून निघणारी एक लांबलचक संख्या, जुळतो का ते तपासतात. एक अक्षर जरी बदललं तरी ही संख्या पार वेगळी येते. हॅश जुळला की मूळ डिस्क बाजूला ठेवतात आणि पुढचं सगळं काम प्रतीवर होतं.

कार्यालयातही पहिलं पाऊल हेच असावं. सगळ्यांना सॉफ्टवेअर बंद करायला सांगायचं, डेटाबेसची फाइल आणि तिच्या आसपासच्या लॉगच्या फाइली एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या, आणि मगच चौकशीला लागायचं. हे मी आग्रहाने सांगतो, कारण दुरुस्तीची बहुतेक साधनं खराब भाग जोडत नाहीत, काढून टाकतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या शेवटच्या उपायाचं नावच 'रिपेअर अलाउ डेटा लॉस' असं आहे. डेटा गेला तरी चालेल, पण डेटाबेस सुसंगत करून दे, एवढंच काम ते करतं. ज्या ओळी वाचवता येण्याजोग्या होत्या त्या जातात आणि कारणाचा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो.

कोणत्या नोंदी, कोणता रकाना, कधीपासून?

प्रत हाती आली की तीन गोष्टी लिहून काढाव्यात. बिघडलेल्या नोंदी कोणत्या? त्यांतला नेमका कोणता रकाना बिघडला? आणि शेवटची चांगली नोंद केव्हाची? सगळ्यात मोलाचा प्रश्न मात्र चौथा आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही: बिघडायला हव्या होत्या, पण बिघडल्या नाहीत, अशा नोंदी कोणत्या?

हैदराबादेतल्या कार्यालयाला या चौथ्या प्रश्नाचा विशेष फायदा होतो, कारण इथे एकाच रकान्यात अनेक लिप्या नांदतात. काचीगुडा, बरकतपुरा, अंबरपेठ या पट्ट्यात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यामुळे नावं आपापल्या लिपीत घेणारं कार्यालय असेल तर कुलकर्णी आणि देशपांडे देवनागरीत, रेड्डी आणि यादव तेलुगूत, सिद्दीकी उर्दूत आणि काही नावं रोमन अक्षरांत अशी यादी तयार होते. समजा तिच्यात रोमन नावं शाबूत आहेत, उर्दू नावांपैकी फक्त लांब नावं तुटली आहेत आणि मराठी-तेलुगू नावं मध्यम लांबीची असूनही तुटली आहेत. या एवढ्यावरून कारण जवळजवळ निश्चित होतं. ते कसं, हे कळायला संगणक अक्षरं कशी साठवतो ते पाहावं लागेल.

अक्षराला लागणारी जागा

संगणक अक्षर साठवत नाही, संख्या साठवतो. जगातल्या लिप्यांना मिळून क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत म्हणजे युनिकोड. त्यात 'क'चा क्रमांक २३२५ आहे. हा क्रमांक डिस्कवर लिहिण्याची आज सर्वाधिक वापरातली रीत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात साध्या रोमन अक्षराला एक बाइट जागा लागते, उर्दूच्या अक्षराला दोन, आणि देवनागरी किंवा तेलुगू अक्षराला तीन. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांनाही स्वतंत्र क्रमांक असल्याने त्यांचेही प्रत्येकी तीन बाइट होतात.

आता 'कुलकर्णी' हे नाव घ्या. क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, दीर्घ वेलांटी, असे यात आठ घटक आहेत. आठ त्रिक चोवीस बाइट. रोमनमध्येही या नावाची आठच अक्षरं होतात, पण बाइटही आठच. समजा कार्यालयाचं जुनं सॉफ्टवेअर आडनावाला वीस बाइट जागा देतं आणि जास्तीचा भाग न सांगता कापून टाकतं. वीस बाइटांत सहा घटक पूर्ण बसतात आणि 'ण'चे तीनपैकी दोनच बाइट येतात. पडद्यावर 'कुलकर्' एवढं दिसतं आणि पुढे एक तुटकं चिन्ह. त्याच रकान्यात उर्दू नावाची दहा अक्षरं मावतात आणि रोमन नावाची वीस. म्हणजे आधी पाहिलेली चिन्हं व्हायरसची नाहीत. जागा बाइटमध्ये मोजणाऱ्या एका रकान्याची आहेत.

प्रश्नचिन्हांची गोष्ट वेगळी आहे. पडद्यावर मराठी नीट दिसत नाही, एवढं म्हणून भागत नाही. नेमकं काय दिसतं ते पाहावं लागतं, कारण दिसणाऱ्या चिन्हांवरून डेटा जिवंत आहे की गेला हे ठरतं.

रिकामे चौकोन दिसले तर फक्त फाँट नाही, डेटा शाबूत आहे. अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी दिसल्या तर बहुधा मजकूर युनिकोडच्या आधीच्या काळातला आहे. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये फाइलीत रोमन अक्षरांचेच क्रमांक असत आणि फाँट त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवत असे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची प्रमाण संकेतावली ठरवली होती. तरी छपाई आणि कचेऱ्यांतला मोठा व्यवहार या फाँटांवरच चालला. हा मजकूर योग्य परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतो.

तिसरा प्रकार एकदा पाहिला की लगेच ओळखता येतो. डोक्यावर तिरपी रेघ असलेलं छोटं रोमन 'ए' आणि त्याच्या शेजारी चार कोपऱ्यांना टोकं असलेलं वर्तुळ, ही जोडी दर दोन-तीन चिन्हांनी पुन्हा पुन्हा येते. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट सारखाच असतो आणि दुसराही दोनपैकीच एक असतो. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेला मजकूर कुणीतरी पश्चिम युरोपीय संकेतावलीने वाचला की ते बाइट असे दिसतात. इथेही डेटा शाबूत आहे, पण त्याच अवस्थेत 'सेव्ह' केलं तर चुकीवर चूक चढते आणि सोडवणं अवघड होतं.

प्रश्नचिन्हं मात्र वाईट बातमी आणतात. ज्या संकेतावलीत मराठीला जागाच नाही तिच्यात मजकूर कोंबला, की प्रत्येक घटकाच्या जागी प्रश्नचिन्हाचा क्रमांक, ६३, लिहिला जातो. कुलकर्णींच्या जागी आठ वेळा ६३. जगातला कोणताही फाँट त्यातून 'कुलकर्णी' परत आणू शकत नाही. नाव कागदावरून किंवा जुन्या प्रतीवरूनच घ्यावं लागतं. कार्यालयात हे सहसा कसं होतं? कुणीतरी यादी दुरुस्तीसाठी एक्सेलमध्ये उघडतो, साध्या 'सीएसव्ही' प्रकारात साठवतो आणि परत डेटाबेसमध्ये भरतो. एक्सेलच्या साठवण्याच्या प्रकारांत तिथेच 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय असतो. तो निवडला असता तर नावं वाचली असती.

लिपीचा आणखी एक घोळ खास मराठीचा आहे, आणि त्याची मला जास्त काळजी वाटते, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. यातला अर्धा 'ऱ' दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर आणि छापील पावतीवर दोन्ही तंतोतंत सारखे, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डवरून भरलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं तर सापडत नाही. खिडकीवरचा माणूस सांगतो, 'काका, तुमचं नाव नाही दिसत,' आणि नवी नोंद करतो. आता एकाच सभासदाची दोन खाती झाली. निम्मे हप्ते एकात, निम्मे दुसऱ्यात. वर्षअखेरीला थकबाकीची नोटीस निघते. यावर उपाय एकच आहे. नाव साठवण्याआधीच प्रोग्रॅमने अशी सगळी रूपं एका ठरावीक रूपात आणायची, आणि सभासद शोधायचा तो नावावरून नव्हे, क्रमांकावरून.

एक्सेल जे गृहीत धरतं

एक्सेलमध्ये काही टंकलं की ते काय असावं याचा अंदाज एक्सेल स्वतः बांधतं. तारखेसारखं दिसलं तर तारीख, अंकांसारखं दिसलं तर संख्या. शास्त्रज्ञांनाही याचा इतका त्रास झाला की मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० साली काही जनुकांची नावंच बदलली. 'सेप्ट' या अक्षरांनी सुरू होणारी नावं सप्टेंबरच्या तारखा बनत होती.

आपल्याकडे याच्या चार खुणा दिसतात. खातेक्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात. पंधरापेक्षा जास्त अंकी क्रमांकांत पंधराव्यापुढचे अंक शून्य होतात, कारण एक्सेल पंधराच अंक नेमके धरतं. एखाद्या रकान्यातले सगळे लांब क्रमांक शून्यावर संपत असतील तर पुढचा तपास थांबवायला हरकत नाही. तिसरी खूण तारखांची. अमेरिकी मांडणीत महिना आधी येतो. त्यामुळे ३ एप्रिल म्हणून लिहिलेली तारीख गुपचूप ४ मार्च होते, पण १३ तारखेपासून पुढच्या तारखांत तेरावा महिना नसल्याने अदलाबदल होऊच शकत नाही. त्या नुसता मजकूर म्हणून पेशीच्या डाव्या बाजूला चिकटून राहतात. १ ते १२ पर्यंतचे दिवस बिघडले आणि १३ ते ३१ वाचले, हा आकार दिसला की कारण हेच. चौथी खूण दुर्मीळ आहे, पण अचूक: सगळ्या तारखा बरोबर चार वर्षं आणि एक दिवसाने सरकलेल्या. एक्सेलमध्ये तारखा मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, १९०० पासूनची आणि १९०४ पासूनची. त्यांच्यातला फरक १,४६२ दिवसांचा आहे.

एक्सेलला ओळींचीही मर्यादा आहे: जुन्या प्रकारच्या फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी सरकारी आकडेवारीत यायच्या राहून गेल्या, कारण प्रयोगशाळांकडून आलेला तपशील जुन्या प्रकारच्या फाइलीत घेतला जात होता आणि मर्यादेपुढच्या ओळी गळत होत्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्या लोकांना शोधायलाही त्यामुळे उशीर झाला.

एकाच क्षणी दोन खिडक्या

आता ते गायब पाचशे रुपये. सभासदाच्या खात्यात १२,००० आहेत. एका खिडकीवर त्याचा मुलगा ५०० रुपये भरतो. त्याच मिनिटाला दुसऱ्या खिडकीवर त्याच्या पगारातून कापलेले २,००० जमा होतात. दोन्ही संगणक आधी शिल्लक वाचतात आणि दोघांनाही १२,००० दिसतात. पहिला त्यात ५०० मिळवून १२,५०० लिहितो. दुसऱ्याच्या हाती अजून जुनाच आकडा असतो, तो २,००० मिळवून १४,००० लिहितो. पहिल्याची नोंद पुसली गेली. पावत्या दोन्ही खऱ्या, कारकून दोघेही प्रामाणिक, आणि खात्यात पाचशे कमी.

याची खूण अशी की तफावत नेमकी एका पावतीएवढी असते, त्या पावतीच्या आगेमागे त्याच खात्याची दुसरी नोंद असते, आणि हा प्रकार गर्दीच्या दिवशी, म्हणजे पगाराच्या आसपास, जास्त होतो. एकट्याने बसून तपासलं तर तो पुन्हा कधीच घडवून दाखवता येत नाही, म्हणून त्याला गूढ समजलं जातं.

चांगला डेटाबेस यासाठी 'कुलूप' वापरतो: एकाचा व्यवहार संपेपर्यंत दुसऱ्याला ती ओळ बदलू देत नाही. व्यवहार पूर्ण झाला तर सगळा, नाहीतर काहीच नाही, हेही तो पाळतो. हे सगळं काटेकोर मांडण्यात जिम ग्रे या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण डेटाबेसने सोय दिली तरी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ती वापरायला हवी. 'शिल्लक १४,००० कर' असं सांगण्याऐवजी 'शिल्लकेत २,००० मिळव' एवढं सांगितलं असतं तरी ते पाचशे वाचले असते.

वीज गेली तो क्षण

एप्रिल-मेमध्ये हैदराबादेत संध्याकाळी वारं सुटतं, झाडाची फांदी तारेवर पडते आणि वीज जाते. यूपीएसची बॅटरी कधीची दमलेली असते. नेमक्या त्या क्षणी संगणक डिस्कवर काहीतरी लिहीत असेल तर?

जुन्या पेढीवरचे दिवाणजी व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत लिहीत, आणि मग सवडीने खतावणीत त्या त्या खात्यावर चढवत. खतावणी लिहिता लिहिता मध्येच उठावं लागलं तरी चिंता नसे. रोजकीर्द उघडून कुठपर्यंत चढवलं ते पाहायचं आणि उरलेलं पूर्ण करायचं. डेटाबेसही हेच करतो. प्रत्येक बदल आधी 'लॉग' नावाच्या फाइलीत क्रमाने लिहितो, ती नोंद डिस्कवर पोहोचल्याची खात्री करतो, आणि मूळ तक्ते मागाहून बदलतो. वीज परत आली की तो लॉग वाचतो, पूर्ण झालेले पण तक्त्यात न चढलेले व्यवहार चढवतो आणि अर्धवट राहिलेले उलटे फिरवतो. याची सविस्तर पद्धत आयबीएममध्ये काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली 'एरीज' या नावाने प्रसिद्ध केली. आजच्या कित्येक डेटाबेसांवर तिचा ठसा आहे.

मग तरीही बिघाड का होतो? एक तर रोजकीर्द खरोखर कागदावर उतरलेली असली पाहिजे. काही स्वस्त डिस्क 'लिहिलं' असं कळवतात, तेव्हा मजकूर त्यांच्या तात्पुरत्या स्मृतीतच असतो आणि विजेबरोबर तोही जातो. दुसरं, डेटाबेस आपला मजकूर पानांमध्ये लिहितो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या नेहमीच्या प्रकारात हे पान १६ किलोबाइटचं असतं. डिस्क मात्र ४ किलोबाइटच्या किंवा त्याहून लहान तुकड्यांत लिहिते. चारपैकी दोन तुकडे लिहून झाले आणि वीज गेली, तर अर्धं पान नवं आणि अर्धं जुनं. हे टाळायला मायएसक्यूएल प्रत्येक पान आधी दुसऱ्या जागी लिहून ठेवतो, पण कामाचा वेग वाढावा म्हणून कुणीतरी ती सोय बंद केलेली असू शकते. तिसरं कारण सर्वांत जास्त आढळतं: कार्यालयात मुळात असा डेटाबेसच नसतो. एका संगणकावरच्या सामायिक फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची फाइल असते आणि चार जण आपापल्या संगणकावरून थेट तिच्यातच लिहितात. शेजारच्या खोलीतलं वायफाय क्षणभर तुटलं तरी लिहिणं अर्धवट राहतं. शिवाय ही फाइल दोन गिगाबाइटच्या वर वाढूच शकत नाही.

या बिघाडाचा आकार असा: सर्वांत ताज्या नोंदी खराब, जुन्या ठीक. किंवा सभासद क्रमांकावरून शोधलं तर नोंद सापडते, नावावरून शोधलं तर सापडत नाही, कारण नोंद आणि तिची अनुक्रमणिका यांपैकी एकच अद्ययावत झालेली असते.

एकच बिट

डिस्क किंवा मेमरी झिजल्यानेही डेटा बिघडतो. २००९ साली गूगलच्या हजारो सर्व्हरांच्या अभ्यासात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त मेमरी-पट्ट्यांत एखादी तरी चूक आढळली. त्या सर्व्हरांत चूक ओळखून सुधारणारी मेमरी होती. कार्यालयातल्या साध्या संगणकात ती सहसा नसते.

एक बिट, म्हणजे संगणकाच्या संख्येतला एक ० किंवा १, उलटला तर काय होतं? 'क'चा क्रमांक २३२५ आणि 'ग'चा २३२७. द्विमान पद्धतीत लिहिले तर दोघांत एकाच बिटाचा फरक आहे. म्हणजे काळे यांचे गाळे होतात. ५,००० रुपयांतला तेरावा बिट उलटला तर ९०४ उरतात. फरक ४,०९६, म्हणजे दोनाचा बारावा घात. हाच आकडा २००३ साली बेल्जियममधल्या स्खारबेक इथल्या निवडणुकीत दिसला. एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मतं पडल्याचं दिसलं, आणि फेरमोजणीत बरोबर ४,०९६ मतं जास्तीची निघाली. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने बिट उलटवला असावा, हे तज्ज्ञांना सर्वांत संभाव्य वाटलं. आपल्या कार्यालयात अवकाशातल्या कणाला दोष देण्यापूर्वी मेमरीची चाचणी आणि डिस्कचा आरोग्य-अहवाल पाहावा. तफावत २५६, १,०२४, ४,०९६ अशी दोनाच्या घातात येत असेल तर ही दिशा धरावी.

यापासून संरक्षण म्हणजे 'चेकसम', मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या. आधार क्रमांकाचा बारावा अंक असाच आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो, म्हणून एक अंक चुकला तर लगेच लक्षात येतं. डेटाबेसही प्रत्येक पानावर चेकसम लिहू शकतो. ती सोय चालू आहे का, हे आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला जरूर विचारावं.

> चौकट : काय दिसलं, तर कुठे पाहावं
> प्रश्नचिन्हं: एक्सेल-सीएसव्हीचा प्रवास. नाव कागदावरून घ्या.
> तुटलेली मराठी-तेलुगू नावं, शाबूत रोमन नावं: रकान्याची बाइटमधली लांबी.
> फक्त १ ते १२ तारखा उलटलेल्या: महिना आधी मानणारी मांडणी.
> तारीख १ जानेवारी १९७०, वेळ पहाटे ५.३०: तारखेच्या जागी शून्य साठवलं गेलं आहे. अनेक संगणक काळ त्या मध्यरात्रीपासून मोजतात, आणि आपलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे.
> एका पावतीएवढी तफावत: एकाच वेळी झालेल्या दोन नोंदी.
> फक्त ताज्या नोंदी खराब: वीज किंवा नेटवर्क.
> मोजक्या, अर्थपूर्ण नोंदींतच बदल: माणसाचा हात. यंत्राला कर्ज कुणाचं ते कळत नाही.

डेटाबेस निर्दोष असतो तेव्हा

काही वेळा सगळ्या तपासण्या पार पडतात आणि आकडा तरीही चुकीचा असतो. २०१३ साली डेव्हिड क्रीसेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाला आढळलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना अंकच बदलत होती. एका बांधकाम नकाशावरच्या तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी असताना स्कॅनमध्ये तिन्हीकडे एकच आकडा आला. फाइल लहान करण्यासाठी ते यंत्र सारखे दिसणारे अंक एकच समजून एकाचं चित्र दुसऱ्याच्या जागी वापरत होतं. अक्षर पुसट नाही, डाग नाही, आकडा स्वच्छ आणि चुकीचा. कागदावरून स्कॅन करून नोंदी भरणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला हे माहीत असावं.

तेलंगणाने तर याहून जिवाला लागणारा अनुभव घेतला आहे. १८ एप्रिल २०१९ रोजी इंटरमीडिएटचे निकाल लागले. तीन लाखांहून अधिक विद्यार्थी नापास दाखवले गेले आणि गुणांतल्या चुकांच्या तक्रारींचा पूर आला. एका विद्यार्थिनीला तेलुगूत शून्य गुण दाखवले होते, फेरतपासणीत ते ९९ निघाले. निकालानंतरच्या दिवसांत अनेक मुलांनी जीव दिला. सरकारने त्रिसदस्य समिती नेमली आणि नापास ठरलेल्यांच्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासायचा आदेश दिला. त्या शून्याला डेटाबेस अडवू शकत नव्हता, कारण त्याच्या लेखी शून्य हा वैध गुण आहे. अडवू शकला असता तो एक साधा प्रश्न: बाकी विषयांत उत्तम गुण असलेल्या मुलीला एकाच विषयात शून्य कसं? असे न जुळणारे आकडे निकालाआधी वेगळे काढणारी तपासणी लिहायला एक दुपार पुरते. ती नसणं हा माझ्या मते कोणत्याही डिस्क-बिघाडापेक्षा गंभीर दोष आहे.

परत आणताना

कारण कळलं की दुरुस्ती सुरू होते, आणि ती जुन्या प्रतीशिवाय होत नाही. संध्याकाळी सॉफ्टवेअर चालू असतानाच फाइल पेनड्राइव्हवर ओढून घेणं ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. चालू डेटाबेसची अशी काढलेली प्रत अर्धी आधीची आणि अर्धी नंतरची असू शकते. डेटाबेसच्या स्वतःच्या 'बॅकअप' आज्ञेनेच प्रत काढावी. आणि जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही ती आहे असं मानू नये. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेस पुसला. मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की रोजच्या प्रती बनतच नव्हत्या. आवृत्ती जुळत नसल्याने ते काम मुकाट्याने फसत होतं आणि तसं कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. कुणीतरी योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेल्या प्रतीवर त्यांना भागवावं लागलं.

अंबरपेठेतल्या आपल्या कार्यालयात काम असं चालेल. गेल्या काही दिवसांच्या प्रती वेगळ्या संगणकावर उघडायच्या आणि एकेक तपासत शेवटची चांगली प्रत शोधायची. तिच्यातून फक्त बिघडलेल्या ओळींचे फक्त बिघडलेले रकाने घ्यायचे, सगळी फाइल बदलायची नाही, नाहीतर मधल्या दिवसांतल्या चांगल्या नोंदीही जातील. जिथे प्रतच नाही तिथे सभासदांचे अर्ज आणि पावतीपुस्तकं काढायची. एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं, आणि दिवसाची बेरीज त्या दिवशीच्या बँकेच्या भरणा-स्लिपशी जुळली की मगच पुढच्या दिवसाची पावती उघडायची.